वाटसरूच्या पाठीवरचा सूर्य

डोंगरदऱ्यांतून पायी हिंडणाऱ्या प्रवाशाच्या गाठोड्यात पूर्वी ज्या वस्तू असत, त्यांत एक गुण सहज नजरेस येतो. कंदील, नकाशा, होकायंत्र, काड्यांची पेटी, शिटी, घड्याळ, आणि हौशी माणूस असल्यास कॅमेरा, या सर्व वस्तू परस्परांपासून स्वतंत्र असत. कंदिलातील तेल संपले म्हणून नकाशा कोरा पडत नसे. घड्याळ थांबले म्हणून शिटीचा आवाज बसत नसे. आजच्या प्रवाशाने यांतील बहुतेक वस्तू तळहाताएवढ्या एका दूरध्वनियंत्रात कोंबल्या आहेत. सोय मोठी झाली यात शंका नाही. परंतु तिच्याबरोबर एक नवा धोकाही पदरी आला. त्या यंत्रातील बॅटरी आटली की दिवा, नकाशा, दिशा आणि मदतीची हाक ही सारी एकाच क्षणी नाहीशी होतात. घरी बसलेल्या माणसास याचे विशेष वाटणार नाही, कारण त्याच्या भिंतीतच वीज आहे. गावापासून चार दिवसांच्या वाटेवर, धुक्यात वाट चुकलेल्या माणसास मात्र ती गोष्ट जिवावरची वाटते, आणि कित्येकदा ती तशी असतेही.

या चिंतेवर उपाय म्हणून ‘सोलर चार्जर’ नावाची वस्तू आता पुष्कळांच्या पाठपिशवीत आढळते. वहीसारखी उघडणारी एक कापडी घडी, तिच्या पानापानावर बसविलेली निळसर काळी तकाकणारी फलके, आणि एका कोपऱ्यात तार जोडावयाचे छिद्र, एवढेच तिचे रूप. उन्हात पसरली की वीज देते, मिटली की पिशवीत मावते. ही वस्तू पाहून ती कालपरवाची निर्मिती आहे असे कोणासही वाटेल. परंतु तिची कुळकथा पावणेदोनशे वर्षांहून जुनी असून तिच्यातील एक लहानसे प्रकरण मुंबईच्या कुलाब्यात घडलेले आहे.

सूर्याला कामास लावण्याचे पहिले मोठे प्रयत्न झाले ते विजेसाठी नव्हेत, उष्णतेसाठी. फ्रान्समधील तूर या गावी ओग्युस्तँ मुशो नावाचा गणिताचा शिक्षक होता. आपल्या देशातील कोळसा एक दिवस संपेल या विचाराने त्याला पछाडले होते. आरशांनी ऊन एकवटून पाणी उकळावे आणि त्या वाफेवर यंत्र चालवावे, या खटपटीत त्याने आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे घालविली. १८७८ साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्याने आपल्या सूर्ययंत्राच्या बळावर बर्फ तयार करून दाखविला. उन्हापासून बर्फ निघालेला पाहून लोक थक्क झाले. पण कोळसा स्वस्त झाला होता. सरकारने हिशेब केला आणि मुशोची मदत बंद झाली.

नेमके त्याच वर्षी मुंबईत एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. उष्ण देशांत सरपणाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल, असा त्याचा विषय होता. लेखक विल्यम अॅडम्स हा मुंबईच्या उच्च न्यायालयात डेप्युटी रजिस्ट्रार. दिवसभर दाव्यांची दप्तरे चाळणाऱ्या या गृहस्थाने फावल्या वेळात सपाट आरशांचे तुकडे जोडून एक प्रचंड परावर्तक उभारला आणि त्याच्या उष्णतेवर कुलाब्यातील आपल्या आवारात सुमारे अडीच अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र चालवून दाखविले. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याची दुसरी कृती अधिक महत्त्वाची आहे. त्याने आठ पैलूंची, आतून आरसे लावलेली एक चूल केली. आरशांच्या मध्यभागी काचेच्या झाकणाखाली भांडे ठेवावयाचे. सात शिपायांचा मांस-भाजीचा शिधा या चुलीवर जानेवारी महिन्यात, म्हणजे मुंबईच्या त्यातल्या त्यात थंड दिवसांत, दोन तासांत उत्तम शिजला. जेथे सरपण मिळत नाही तेथे उन्हावर भागवावे, ही पाठीवर फलके बांधून निघणाऱ्या आजच्या वाटसरूची बुद्धी अॅडम्सच्या त्या चुलीत स्पष्ट दिसते. मुंबईने त्याला पुढे विसरून टाकले, हे तितकेसे भूषणास्पद नाही.

उष्णतेच्या मार्गात मात्र एक मोठा अडथळा होता. आरसा सूर्याकडे वळवून धरावा लागतो, आणि चालत्या माणसाला ते साधत नाही. शिवाय उकळलेले पाणी संध्याकाळी निवते. उन्हाची वीज करता आली आणि ती साठविता आली, तरच सूर्य प्रवासास बरोबर येणार होता.

वीज होते ही गोष्ट तोपर्यंत शास्त्रज्ञांस ठाऊक झाली होती. १८३९ साली एडमाँ बेकरेल हा १९ वर्षांचा तरुण पॅरिसमध्ये आपल्या वडिलांच्या प्रयोगशाळेत काम करीत असता, द्रवात बुडविलेल्या दोन पट्ट्यांवर प्रकाश पडल्यास त्यांच्यामधून विद्युत्प्रवाह वाहतो असे त्याला आढळून आले. त्याचा उपयोग काय, हे त्या काळी कोणास सांगता आले नसते. पुढे १८७३ मध्ये समुद्राखालील तारांची परीक्षा करणाऱ्या विलोबी स्मिथ या इंग्रज अभियंत्याच्या ध्यानात आले, की सेलेनियम हे मूलद्रव्य अंधारात विजेला अडविते व उजेडात वाट देते. तीनच वर्षांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजातील अॅडम्स आणि डे यांनी सेलेनियमवर प्रकाश टाकून प्रत्यक्ष वीज निर्माण केली. (हा अॅडम्स निराळा, कुलाब्याचा नव्हे. नावाच्या सारखेपणाने घोटाळा होण्याचा संभव आहे.) न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्स याने १८८३ च्या सुमारास सेलेनियमच्या थरावर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा चढवून पहिले सौरफलक बनविले. त्याचा एक नमुना जर्मनीच्या वेर्नर सीमेन्सकडे गेला व सीमेन्सने तो बर्लिनच्या विद्वानांपुढे मोठ्या आदराने मांडला. परंतु पडलेल्या शंभर भाग प्रकाशापैकी जेमतेम एक भाग त्यातून विजेच्या रूपाने बाहेर येई. सोन्याचा मुलामा चढवून रुपयाला पैसा मिळावा अशी ही स्थिती होती, आणि पुढील सत्तर वर्षे ती पालटली नाही.

ती पालटली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत, आणि तीही एका अगदी व्यावहारिक अडचणीमुळे. उष्ण व दमट प्रदेशांत दूरध्वनीच्या तारांना वीज पुरविणाऱ्या कोरड्या बॅटऱ्या लवकर नासत. त्यांना पर्याय शोधण्याचे काम डॅरिल चेपिन याच्याकडे आले. बाहेरून वीज मिळत नाही, बरोबरची बॅटरी टिकत नाही, आणि ऊन मात्र भरपूर आहे: वाटसरूची अडचणही हीच असल्याने, त्याच्या फलकाची उपपत्ती या कोड्यातूनच झाली असे म्हणावयास हरकत नाही. चेपिनने प्रथम सेलेनियमच घेतले व त्याची निराशा झाली. त्याच इमारतीत जेराल्ड पिअर्सन आणि कॅल्विन फुलर हे सिलिकॉनवर निराळेच प्रयोग करीत होते. फुलरने सिलिकॉनमध्ये लिथियम हा धातू मुरविला. तो तुकडा दिव्याखाली धरताच त्यातून चांगलाच प्रवाह वाहू लागला. पिअर्सन तडक चेपिनकडे गेला आणि सेलेनियमवर आणखी वेळ दवडू नको असे त्याने त्यास सांगितले. पण लिथियम चंचल निघाले. साध्या हवेतही ते सिलिकॉनमध्ये खोल खोल उतरत जाई व फलकाचे काम मंदावे. अखेर फुलरने लिथियम टाकून बोरॉन वापरले आणि गाडी मार्गाला लागली. येथे हाकलला गेलेला हा धातू पुढे याच वाटेवर निराळ्या वेषात परत येणार होता.

१९५४ च्या एप्रिल महिन्याच्या २५ तारखेस बेल प्रयोगशाळेने आपली ‘सौर बॅटरी’ लोकांपुढे ठेवली. तिच्यावर एक खेळण्यातला पाळणा फिरविण्यात आला आणि एक रेडिओ-प्रक्षेपक चालविण्यात आला. पडलेल्या प्रकाशाच्या शेकडा ६ भाग वीज आता मिळू लागली. वर्तमानपत्रांनी सूर्ययुगाची दवंडी पिटली. दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात जॉर्जिया संस्थानातील अमेरिकस या गावी दूरध्वनीच्या एका ग्रामीण मार्गावर या बॅटरीची प्रत्यक्ष चाचणीही झाली. यंत्र उत्तम चालले. हिशेब मात्र जुळेना. एका वॉटला शेकडो डॉलर पडत. एवढ्या किमतीत गावास वीज देणे म्हणजे कंदिलात अत्तर जाळणे होते.

त्याच १९५४ सालातील दुसरी एक घटना वर्तमानपत्रांनी या घटनेशी जोडून पाहिली नाही. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत ट्रान्झिस्टरवर चालणारा पहिला खिशात मावणारा रेडिओ विक्रीस आला. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरात त्याच बेल प्रयोगशाळेत लागला होता. त्यापूर्वीच्या रेडिओतील काचेच्या नळ्या तापविण्यातच पुष्कळ वीज खर्ची पडे. ज्या श्रोत्यांनी तसा रेडिओ घरी पाहिला आहे, त्यांना तो लावल्यावर गरम होण्यास लागणारा अवधी आठवेल. ट्रान्झिस्टरला तापावे लागत नाही. सौरफलकाच्या इतिहासात फलक किती वीज देते याचीच चर्चा फार होते. उपकरणाची भूक किती घटली याची फारशी होत नाही. वास्तविक फलकाची शक्ती फ्रिट्सच्या काळापासून आजवर वीसपट वाढली असेल, परंतु तेच काम करावयास लागणारी वीज त्याहून कित्येक पटींनी उतरली. प्रवाशाच्या खांद्यावर सूर्य बसू शकला तो मुख्यतः या दुसऱ्या कारणाने. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हॉफमन या अमेरिकन कंपनीने उन्हावर चालणारा ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीस काढला होता. हातात धरून नेण्याजोगे व सूर्यावर चालणारे विजेचे उपकरण घरगुती बाजारात आले, याची ती सुरुवात समजावी.

पृथ्वीवर परवडेना म्हणून सौरफलक आकाशात गेले. १७ मार्च १९५८ रोजी अमेरिकेने ‘व्हॅन्गार्ड’ नावाचा उपग्रह सोडला. तो अवघा दीड किलो वजनाचा. सोव्हिएत पुढारी ख्रुश्चेव्ह याने त्याची पपनसाशी तुलना करून थट्टा केली. त्यात दोन प्रक्षेपक होते. एक साध्या बॅटरीवर, दुसरा सौरफलकांवर. आरमारी अधिकारी सौरफलकांस फारसे अनुकूल नव्हते. लष्कराच्या संदेशखात्यातील हान्स झीग्लर या शास्त्रज्ञाने हट्ट धरला म्हणून ती बसविण्यात आली. बॅटरीवरचा आवाज त्याच वर्षीच्या जूनमध्ये बंद पडला. सौरफलकांवरचा १९६४ च्या मे महिन्यापर्यंत ऐकू येत होता. बरोबर नेलेली शिदोरी आणि वाटेवर मिळवून खाणे, यांतील फरक याहून स्वच्छ कोठे दिसणार?

जमिनीवर उतरण्यास फलकांना आणखी पंधरा वर्षे लागली. १९७३ च्या सुमारास एलियट बर्मन या रसायनशास्त्रज्ञाने एका तेल कंपनीच्या भांडवलावर स्वस्त फलकांचा कारखाना काढला आणि वॉटची किंमत शंभर डॉलरांवरून वीस डॉलरांच्या आसपास आणली. त्याचे पहिले मोठे गिऱ्हाईक तेल कंपन्याच होत्या; समुद्रातील तेलविहिरींवरचे इशाऱ्याचे दिवे आणि भोंगे त्यांना चालवावयाचे होते. सूर्याला तेलवाल्यांनी आश्रय दिला ही मौज खरी, परंतु व्यापार आपल्या सोयीचे तेवढे पाहतो. १९७६ साली जपानच्या शार्प कंपनीने उन्हावर चालणारा गणकयंत्राचा नमुना काढला, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील कार्लसन व व्रॉन्स्की यांनी सिलिकॉनचा स्फटिक न बनविता त्याचा पातळ लेप देऊन फलक तयार होते असे दाखविले. शक्ती थोडी, शेकडा दोन-अडीच. पण हा लेप वाकणाऱ्या पत्र्यावरही देता येई. लवकरच मनगटी घड्याळे आणि शाळकरी मुलांची गणकयंत्रे खोलीतल्या दिव्याच्या उजेडावर चालू लागली, आणि सौरविजेचे कौतुक ओसरून ती घरातली एक वस्तू झाली.

आता राहिला प्रश्न साठवणीचा. सूर्य दिवसा तळपतो आणि दिवा रात्री लागतो. गिरिप्रवासात या प्रश्नाला थंडीची जोड मिळते, कारण थंडीने बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते व भरलेली बॅटरीही रिकामी असल्यासारखी वागते. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेबरोबर बिनतारी संदेशयंत्रे होती. आकाशवाणी व बी. बी. सी. या मोहिमेसाठी हवामानाचा अंदाज मुद्दाम प्रक्षेपित करीत. तरीही शिखर सर झाल्याची बातमी तळापासून नामचे बाजारपर्यंत गेली ती हरकाऱ्याच्या पायांनी, आणि तेथून भारताच्या बिनतारी ठाण्यामार्फत सांकेतिक शब्दांत काठमांडूस पोचली. पुढे ४३ वर्षांनी, १९९६ च्या मे महिन्यात, त्याच पर्वतावर वादळ झाले. तोपर्यंत रॉब हॉल याच्या तळावर सौरफलकांवरचे दिवे होते आणि उपग्रहामार्फत बोलणारा दूरध्वनीही होता. शिखराजवळ अडकून पडलेल्या हॉलचे शेवटचे बोलणे हातातील लहान रेडिओवरून तळावर आणि तळावरून न्यूझीलंडमधील त्याच्या पत्नीपर्यंत पोचविण्यात आले. त्याचा जीव वाचला नाही. विजेने वादळ थांबत नाही. परंतु माणसाचा शब्द घरापर्यंत जाणे ही गोष्टही लहान नव्हे, आणि तो शब्द त्या क्षणी एका थंडगार बॅटरीत उरलेल्या धुगधुगीवर अवलंबून होता.

या बॅटरीच्या कथेत लिथियम परत आले. जुन्या पुन्हापुन्हा भरता येणाऱ्या बॅटऱ्या निकेल व कॅडमियमच्या असत. त्या वजनदार, आणि भरून ठेवल्या तरी आपोआप रित्या होत. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिच्यामागे ज्यांचे संशोधन होते, त्या व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या चंचलपणामुळे फुलरने लिथियम सौरफलकातून घालविले, तोच चंचलपणा येथे कामास आला. बॅटरीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सुखाने ये-जा करणारे अणुकण हवे होते, आणि त्या कामात लिथियमचा हात धरणारा कोणी नाही. आज वाटसरूच्या गाठोड्यात सिलिकॉनचे फलक आणि लिथियमची बॅटरी शेजारी शेजारी नांदतात.

बाकीचे झपाट्याने घडले. १९९३ नंतर निळ्या व पुढे पांढऱ्या प्रकाशाचे बारीक दिवे निघाले व कपाळावर बांधावयाच्या विजेरीचा खर्च एकदम उतरला. २ मे २००० रोजी अमेरिकेने उपग्रहावरून स्थान सांगणाऱ्या यंत्रणेत नागरिकांसाठी मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. त्यामुळे जेथे शंभर मीटरची चूक होई तेथे काही मीटरांपर्यंत स्थान कळू लागले आणि वाटसरूंनी ते यंत्र हौसेने घेतले. मग बोलणे, पाहणे, मोजणे व वाट दाखविणे ही सर्व कामे एकाच दूरध्वनीत आली. पण फलकांचा खरा प्रसार झाला तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या यंत्राला भरण्याची तार निराळी, तिचे टोक निराळे, दाब निराळा. १९९६ मध्ये संगणकांसाठी ठरविलेली पाच व्होल्टची यू. एस. बी. जोडणी हळूहळू सर्व दूरध्वनींनी पत्करली. एकच छिद्र सर्वांना चालू लागताच फलक करणाऱ्यास गिऱ्हाइकाच्या खिशात कोणते यंत्र आहे याची चिंता उरली नाही. युरोपीय संघाने तर २८ डिसेंबर २०२४ पासून दूरध्वनींस एकाच आकाराचे छिद्र कायद्याने आवश्यक केले आहे.

एवढ्या थोर कुळातली ही वस्तू प्रत्यक्ष डोंगरात कशी वागते, हे पाहू गेल्यास थोडी निराशा पदरी येते. भर उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॉट शक्ती पडते. आजची चांगली फलके तिच्यातील शेकडा २० ते २४ भाग वीज म्हणून देतात. वीस-बावीस वॉटांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या घडीतून, फलक सूर्याकडे नीट तोंड करून ठेवल्यास, दहा ते पंधरा वॉट हाती येतात असे धरून चालावे. दूरध्वनीची बॅटरी साधारण १५ ते २० वॉट-तासांची असते. म्हणजे स्वच्छ उन्हात दोन तास स्वस्थ बसल्यास ती भरेल. स्वस्थ बसल्यास! दुकानातील चित्रांत फलक पाठीवर लटकवून चढण चढणारा तरुण दिसतो. त्या चित्रावर विसंबून पैसे खर्च करू नयेत. चालणाऱ्याची पाठ दर वळणाला दिशा बदलते, आणि वाटेवरची एक फांदीही घात करते. फलकातील घटक एकापुढे एक असे जोडलेले असतात. आगीच्या वेळी घागरी हातोहात देणाऱ्या माणसांच्या रांगेत एकाने हात आखडला म्हणजे सारी रांग अडते, तशीच एका घटकावर सावली पडताच सगळ्या फलकाची गत होते.

याचा प्रत्यय अमेरिकेतील दोन प्रसिद्ध पायवाटांवर येतो. अॅपलेशियन वाट सुमारे ३,५०० किलोमीटरची. ती सुरू होते त्याच जॉर्जियात, जेथे १९५५ मध्ये बेलच्या बॅटरीची चाचणी झाली. पण ही वाट दाट झाडीतून जाते, इतकी की प्रवासी तिला हिरवा बोगदाच म्हणतात. तेथे फलक नेणारे पुष्कळजण पहिल्या काही दिवसांतच ते घरी परत धाडतात. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत जाणारी पॅसिफिक क्रेस्ट वाट सुमारे ४,२६५ किलोमीटरची. तिचा दक्षिणेकडील भाग उघड्या वाळवंटातून जातो, आणि उत्तरेकडे चालणाऱ्याच्या पाठीवर दुपारचे दक्षिणेकडील ऊन आपसूक पडते. त्या भागात फलक कामास येते. वॉशिंग्टन संस्थानातील पावसात व अरण्यात पोचल्यावर तेच ओझे होते.

ओझ्याचा हिशेबही सोडता येत नाही. घडीचे फलक सुमारे अर्धा किलो भरते. १०,००० मिलिअँपियर-तासांची साठवणीची बॅटरी दोनशे ग्रॅमच्या आसपास असून तिच्यात ३७ वॉट-तास मावतात. म्हणजे फलकाच्या वजनात घरूनच भरून नेलेल्या अडीच बॅटऱ्या येतात आणि दूरध्वनी चारेक वेळा भरतो. चार-पाच दिवसांच्या आतल्या प्रवासात फलक नेण्यात हौसेखेरीज अर्थ नाही. सह्याद्रीतील भटकंती बहुतेक एकदोन दिवसांची, आणि तिचा खरा बहर पावसाळ्यात. हरिश्चंद्रगड ढगांत बुडालेला असताना फलक उघडून बसणाऱ्याची वीज त्याच्या धोतराइतकीच ओली राहील. मे महिन्यात ऊन खूप असते, पण तेव्हा सूर्य महाराष्ट्रात दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो. पाठीवर उभे टांगलेले फलक त्याच्याकडे पाहतच नाही. शिवाय सिलिकॉन तापले की त्याची वीज घटते.

हिमालयात उंचावर मात्र चित्र उलटे होते. हवा विरळ, ऊन तीव्र, भोवतालच्या बर्फावरून परतणारा उजेड वेगळाच, आणि फलक थंड राहिल्याने अधिक वीज देते. ज्या ठिकाणी बॅटरी सर्वांत दुबळी होते त्याच ठिकाणी फलक सर्वांत सबळ असते. दहा-बारा दिवस गावाचे दर्शन नाही, बरोबर चार-सहा माणसे, आणि मुक्कामी दुपारनंतरचे दोन-तीन तास मोकळे, अशा मोहिमेत अर्धा किलोचे ते ओझे पुरेपूर वसूल होते. तेथे जाणते लोक दूरध्वनी थेट फलकाला जोडीत नाहीत. ढग आला की प्रवाह तुटतो आणि कित्येक यंत्रे तो पुन्हा आला तरी घेत नाहीत. फलकाने साठवणीची बॅटरी भरावयाची आणि रात्री तिच्यातून दूरध्वनी. भरताना बॅटरी फलकाच्या सावलीत ठेवतात, कारण उन्हात ती तापते. आणि गोठणबिंदूच्या खाली तिला भरावयास लावीत नाहीत, कारण तशा थंडीत भरताना आतील लिथियम धातूच्या रूपाने साचून बॅटरी कायमची बिघडते. म्हणून सूर्यास्त झाला की फलक घडी करून पिशवीत जाते, आणि बॅटरी, दूरध्वनी व कपाळावरची विजेरी ही तिन्ही माणसाच्या अंगाशी, पांघरुणाच्या उबेत निजतात. कागदाचा नकाशा बाहेर पिशवीतच राहतो. त्याला थंडी बाधत नाही.